चार उल्लेखांची बाई

प्योबाईंचा तो निबंध मी माझ्या हातांनी तीन वेळा छापला, बांधला आणि टपालात टाकला. एकसष्ट पानं, अठरा तक्ते. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा एका लहानशा त्रैमासिकानं घेतला. त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द सांगायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

मी यांग ओकजू. सोलपोच्या विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढली. प्राध्यापक आले, गेले. चांगले होते, काही फार चांगले होते. पण प्यो मीरानसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

राजधानी सोल सोडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. मूळच्या डोंगराकडच्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डॉक्टरेट लिलावांच्या गणितावर, पण खरा लिलाव जन्मात पाहिलेला नाही. हे त्या आपणहून सांगायच्या. "पोहण्यावर पुस्तक लिहिलंय आणि पाण्यात पाय घातलेला नाही, तशातली गत माझी."

पहिली दोन वर्षं मी त्यांच्यासाठी यांगबाई होते. मग कधीतरी "ऑन्नी" म्हणायला लागल्या, म्हणजे मोठी बहीण. मी मात्र शेवटपर्यंत "प्राध्यापकबाई"च म्हटलं.

पहिल्याच हिवाळ्यात मी माहेरी निघाले होते, नुलदो बेटावर, आईकडून किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा, डबा आणायला. त्या म्हणाल्या, "मी येऊ?" मी म्हटलं, "तिथं बघण्यासारखं काही नाही. वारा आहे आणि गीमचा लिलाव आहे." लिलाव म्हटल्यावर त्या मफलर घेऊन उभ्याच राहिल्या.

गीम म्हणजे भाताभोवती गुंडाळतो ते काळं शैवाल. समुद्रात जाळ्यांवर वाढतं, होड्यांनी ओलंच कापून आणतात आणि तसंच ओलं विकतात. धक्क्याला बावन्न होड्या ओळीनं लागल्या होत्या. पुकारा करणारा एका होडीवरून दुसऱ्या होडीवर उडी मारत पुढं जात होता आणि त्याच्यामागं वाळवण कारखान्यांचे खरेदीदार कोटाच्या आत हात घालून बोटं दाखवत होते. पहिल्या तीसेक होड्या भराभर उठल्या. मग खरेदीदार पांगायला लागले. शेवटी सात-आठ होड्या उरल्या तेव्हा ते शेकोटीपाशी सिगारेट ओढत उभे होते.

एका होडीतली बाई उठली आणि फावड्यानं गीम परत समुद्रात लोटायला लागली.

प्योबाई धावत धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या. "अहो, काय करताय? चांगला माल आहे ना?"

"चांगला? ह्या बंदरात ह्याच्याहून चांगला दाखवा," ती बाई मान वर न करता म्हणाली. ती ग्वाक सुनदोक. आमच्या घरापासून चौथं घर.

"मग टाकता का?"

"शेवटच्या होडीला गिऱ्हाईक नसतं."

"तुमची शेवटची का?"

सुनदोक आजुम्मानं, म्हणजे सुनदोक मावशीनं, फावडं थांबवलं. प्योबाईंच्या शहरी बुटांकडं पाहिलं. "नवरा होता तेव्हा आमचा नंबर अकरावा होता. तो मेला. होडी माझ्या नावावर झाली. नवीन नोंद, नवीन नंबर. एक्कावन्न. आता कळलं?"

परतीच्या बोटीत प्योबाई मागं बेटाकडं बघत बसल्या. माझ्या आईनं दिलेली उकडलेली रताळी हातात तशीच थंड झाली. धक्का दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, "यांगबाई, पुढच्या शनिवारी बोट किती वाजता असते?"

त्यानंतर सात हिवाळे त्या धक्क्यावर उभ्या होत्या. शिकवायचे तास त्यांनी सोमवार ते बुधवार बांधून घेतले आणि उरलेले दिवस नुलदोवर. चारशे अकरा दिवस. कुठली होडी कितवी, काय भाव, किती खरेदीदार हजर, वारा कुठला, हे सगळं वहीत. पेन गोठायचं म्हणून पेन्सिल. पहिल्या वर्षी खरेदीदारांनी टिंगल केली, "आयकराच्या बाई आल्या." दुसऱ्या वर्षी पुकारा करणारा त्यांना विचारायला लागला, "प्राध्यापकबाई, मघाशी तेविसाव्याला काय भाव गेला हो?"

मालाचा दर्जाच कमी असेल म्हणून भाव कमी, असं कुणी म्हणू नये, यासाठी त्यांनी एक युक्ती केली. रोज प्रत्येक होडीतला मूठभर गीम पिशवीत घालायचा, पिशवीवर होडीचं नाव नाही, फक्त खूण. त्या पिशव्या दोन म्हाताऱ्या पारख्यांकडं न्यायच्या. एक नुलदोचा, एक पलीकडच्या बेटावरचा. दोघांचं एकमेकांशी तीस वर्षं बोलणं नव्हतं, म्हणजे संगनमताची भीतीच नको. दोघांनी वेगवेगळे दिलेले गुण जवळजवळ सारखे निघाले. आणि त्या गुणांनुसार शेवटच्या होड्यांचा माल पहिल्यांपेक्षा कुठंच कमी नव्हता. तिसाव्या होडीनंतर खरेदीदारांच्या गाड्या भरलेल्या असत, एवढंच कारण. भाव पाचव्या हिश्शानं खाली यायचा. आणि त्या शेवटच्या बावीस होड्यांपैकी चौदा विधवांच्या होत्या.

हे त्यांनी आपल्या भाषेत लिहिलं. ते महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते. इंग्रजीत लिहायला त्यांना काही अडचण नव्हती. त्यांची जुनी गणितं इंग्रजीतच छापली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचता आलं पाहिजे. माझी चूक पकडायची असेल तर ती सुनदोक आजुम्माच पकडणार, शिकागोचा कुणी नाही."

निबंध छापून आला. चार वर्षांत त्याला चार उल्लेख मिळाले. म्हणजे जगातल्या चार निबंधांनी आपल्या तळटिपांत त्याचं नाव घेतलं. त्यातले दोन त्यांच्याच एका विद्यार्थिनीचे.

बरोबर याच सुमाराला कू बोनशिक आमचे अधिष्ठाता झाले. माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांआधी यायचे, शिपायालाही वाकून नमस्कार करायचे. पण विद्यापीठाचा क्रमांक घसरला होता आणि वरून त्यांच्यावर रोज फोन यायचे. त्यांनी लिफ्टशेजारी एक मोठा पडदा लावला. त्यावर सोळा प्राध्यापकांची नावं, प्रत्येकाचे निबंध, उल्लेख आणि गुण, दर सोमवारी नव्यानं. वरची तीन नावं हिरवी, खालची तीन लाल. प्योबाई सोळाव्या.

विद्यार्थी लिफ्टची वाट बघत ते वाचायचे. दुसऱ्या आठवड्यात वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही शेवटच्या आहात?"

"हो," प्योबाई म्हणाल्या. "आणि हा विषय मला चांगला माहीत आहे. शेवटचा नंबर कोण ठरवतं, यावर मी सात वर्षं काम केलंय. वही काढा."

एके दिवशी कूसरांनी त्यांना बोलावलं. मी कागदांवर सह्या घ्यायला आत उभी होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. कार्यालयातल्या बायका बहुधा कपाटांत मोजल्या जातात.

"प्योबाई, पुढच्या वर्षी तुमच्या कायम नेमणुकीचा निर्णय आहे. मला तुम्ही हव्या आहात. पण ह्या चार उल्लेखांवर समितीपुढं मी काय तोंड दाखवू?"

"निबंध दाखवा ना."

"कोण वाचतंय हो! एकसष्ट पानं!" ते कळवळून म्हणाले. मग आवाज खाली आणला. "हे बघा, आम्ही एक व्यवस्था केली आहे. विभागातला प्रत्येक जण आपल्या प्रत्येक निबंधात दुसऱ्या दोघांचे उल्लेख टाकतो. यादी ठरलेली असते. वर्षभरात तुमचे चाळीस होतील. शिवाय शेअर बाजारावरच्या एका निबंधात पाचव्या लेखकाच्या नावाला जागा आहे. इंग्रजीत आहे. तुमचं टाकू?"

"त्यात मी काय केलंय?"

"काही करायला नकोच आहे."

"सर, ज्या घरात मी पाऊल टाकलं नाही त्याच्या दारावर माझी पाटी कशाला?"

"पाटी नसेल तर स्वतःचंही घर जाईल, बाई."

"जाऊ दे. पण चोरीची कौलं नको."

कूसर लाल झाले. "चोरी कसली यात? सगळीकडं चालतं हे. तुम्हीच एकट्या सोवळ्या?"

"सगळे चालवतात म्हणूनच पहिल्या होडीला भाव मिळतो आणि शेवटची समुद्रात ओतली जाते," त्या म्हणाल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

ती यादी कोण बनवायचं, सांगू? मी. कुणी कुणाचा उल्लेख करायचा, कुठल्या महिन्यात, सगळा तक्ता माझ्या संगणकात. सांगितलेलं काम करायचं, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी घरी जाऊन भात कालवला आणि तसाच ठेवून उठले.

पुढच्या वर्षी समिती बसली आणि निर्णय झाला: कायम नेमणूक नाही. फेब्रुवारीअखेर करार संपेल. पत्र मीच नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, "दाद मागायची मुदत किती दिवसांची?"

"तीस."

"म्हणजे एकोणतीस उरले."

आपल्या बाजूनं कुणी बोलेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आणि कुणी बोललंही नाही. जेवणाच्या खोलीत त्या शिरल्या की बाकीच्यांना एकदम तास आठवायचे. तेव्हा मीच धीर केला. तो उल्लेखांचा तक्ता छापून पाकिटात घातला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उघडून पाहिला आणि माझ्याकडं सरकवला.

"ऑन्नी, हे कुठून बाहेर आलं ते पाच मिनिटांत कळेल. तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"माझा शब्द मलाच ऐकवू नकोस. आणि दुसरं असं, की ते खोटे आहेत म्हणून मला जिंकायचं नाहीये. माझं काम खरं आहे म्हणून जिंकायचंय. नाहीतर हरेन."

मला राग आला. मी म्हटलं, "प्राध्यापकबाई, हा माज आहे."

"असू दे. दुसरं काय उरलंय माझ्याकडं?"

त्या शनिवारी मी नुलदोला गेले आणि सुनदोक आजुम्माला सगळं सांगितलं. ती जाळी विणत होती. नुलदोवर तोवर चक्र फिरलं होतं. निबंध छापून आल्यावर बायकांनी तो वाळवणाच्या शेडमध्ये एकीनं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असा नऊ संध्याकाळींत वाचून काढला होता. होडीचा क्रम, मालाचे गुण आणि भाव शेजारी-शेजारी मांडलेला सहावा तक्ता मोठा करून भिंतीला चिकटवला होता. मग मच्छीमार सोसायटीच्या सभेत चौदा जणी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि उठेचनात. अध्यक्ष म्हणाला, "बापजाद्यांपासून हाच क्रम आहे." सुनदोक आजुम्मा म्हणाली, "बापजाद्यांना सहावा तक्ता दाखवलावता का?" तेव्हापासून तिथं रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो.

"किती उल्लेख म्हणालीस?" तिनं मला विचारलं.

"चार."

"आणि हा उल्लेख म्हणजे काय असतं गं?"

"दुसऱ्यानं लिहायचं की आम्ही हे प्योबाईंकडून घेतलं."

आजुम्मानं सुई खाली ठेवली. "आमच्या नियमावलीत लिहिलंय की. दुसऱ्या कलमात. 'प्राध्यापक प्यो यांच्या सहाव्या तक्त्यानुसार.' मग ते पाच नाही झाले?"

पुढचे दोन आठवडे चौसष्ट वर्षांची ती बाई बोटीनं आणि बसनं किनाऱ्यावरची बंदरं पालथी घालत होती. तिला ऐकून माहीत होतं की नुलदोचा नियम आणखी कुणीकुणी उचलला आहे. किती जणांनी, ते कुणालाच माहीत नव्हतं, प्योबाईंनाही नाही. ती परत आली तेव्हा तिच्या पिशवीत सतरा बंदरांच्या नियमावल्या होत्या, प्रत्येकीवर सोसायटीचा लाल शिक्का. बहुतेकांनी नुलदोचं दुसरं कलम शब्दशः उतरवलं होतं. एका ठिकाणी तर "प्यो" ऐवजी "प्यॉन" लिहिलं होतं. आजुम्मानं ते तिथल्या तिथं दुरुस्त करायला लावलं होतं आणि दुरुस्तीवर वेगळा शिक्का घेतला होता.

प्योबाईंनी ते कागद एकेक करून पाहिले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही तोंड खिडकीकडं होतं, त्यामुळे पाहिलं असं म्हणता येणार नाही.

राजधानीत दाद समितीपुढं सुनावणी झाली. आम्ही तिघी पहाटेच्या गाडीनं गेलो, मी रजा टाकून. समितीवर पाच जण होते. विद्यापीठाच्या वकिलानं पडद्यावरचा तक्ता मांडला: सोळा प्राध्यापक, प्योबाई सोळाव्या, उल्लेख चार. सगळं आकड्यांत, सगळं स्वच्छ.

प्योबाईंनी सतरा नियमावल्या टेबलावर ठेवल्या. एका सदस्यानं चष्मा वर करून विचारलं, "हे कुठल्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे?"

सुनदोक आजुम्माला साक्षीसाठी पाच मिनिटं मिळाली होती. तीच उठली. "बंदरावरच्या फळ्यावर झालंय, साहेब. तिथं रोज दोनशे माणसं वाचतात. तुमच्या त्या नियतकालिकाला किती वाचतात?"

कुणीतरी हसलं. सदस्य मात्र चिडला नाही. म्हणाला, "आजी, नियमाप्रमाणे हे उल्लेखात धरता येत नाही."

"नियम आम्हीही बदलला ना. आधी तो पण बदलता येत नव्हता."

मग प्योबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "मी अर्थशास्त्रज्ञ आहे. मोजणं हा माझा धंदा आहे, मोजण्याला माझा विरोध कसा असेल? पण काय मोजायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं निकाल आधीच लावलेला असतो. धक्क्यावर क्रम ठरलेला होता आणि सगळे म्हणत होते, शेवटच्यांचा माल वाईट. मी माल तपासला. माझं तुमच्याकडं तेवढंच मागणं आहे. माझा माल तपासा. वाचा. वाचून वाईट वाटला तर मी आजच्या आज जाते. न वाचता मी जाणार नाही."

महिन्याभरानं निकाल आला. सतरा नियमावल्यांबद्दल त्यात एक वाक्य होतं: उल्लेखनीय आहे, पण गुणांकनात बसत नाही. मात्र समितीनं तारखा तपासल्या होत्या. उल्लेखांचे गुण मोजण्याचा नियम कूसरांनी प्योबाईंच्या मूल्यमापनाच्या फक्त पाच महिने आधी आणला होता, आणि आधीच्या सगळ्या वर्षांना मागून लावला होता. ते बेकायदा. निर्णय रद्द, मूल्यमापन पुन्हा करा, आणि बाहेरच्या तीन जाणकारांकडून निबंध वाचून घ्या.

मी आनंदानं ओरडले. प्योबाईंनी कागद दोनदा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तारखेवर जिंकले. मालावर नाही."

"पण आता वाचतील ना तो!" मी म्हटलं. "तीन माणसं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

यावर मात्र त्या हसल्या.

तिघांनी वाचला. दोघांनी फार चांगलं लिहून पाठवलं, तिसऱ्यानं नवव्या तक्त्यात एक चूक काढली. खरोखरच चूक होती. प्योबाईंनी त्याला आभाराचं पत्र लिहिलं आणि त्रैमासिकात दुरुस्ती छापून आणली. नेमणूक कायम झाली, विद्यापीठाच्या समितीत सहा विरुद्ध पाच मतांनी. पूर्ण प्राध्यापकपद मात्र निवृत्त होईपर्यंत मिळालं नाही. दर वर्षी अर्ज करायच्या, दर वर्षी उल्लेख कमी पडायचे. अर्जाला त्या सतरा नियमावल्या, पुढं तेवीस झाल्या, न चुकता जोडायच्या. "बसत नाही" असा शेरा न चुकता यायचा.

मी काय केलं, तेही सांगते. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला कूसरांनी मला उल्लेखांची नवी यादी करायला सांगितली. मी म्हटलं, "सर, माझ्या कामांच्या यादीत हे काम नाही. मी पाहिलंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कपाट बोलायला लागल्यावर माणूस बघेल तसं. मग म्हणाले, "ठीक आहे." दुसऱ्या कुणाकडून करून घेतली असेल. दोन वर्षांनी एका परदेशी नियतकालिकानं आमच्या विभागाचे तीन निबंध, एकमेकांना टेकू देतात म्हणून, मागं घेतले. कूसर तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात गेले होते. पडदा पुढच्या अधिष्ठात्यानं काढला, तिथं आता जेवणाचा फलक आहे. निबंध मागं घेतल्याची बातमी सांगायला मी प्योबाईंच्या खोलीत गेले तर त्या म्हणाल्या, "बिचारे. ओळीत उभं करणाऱ्यांच्याही मागं कुणीतरी उभा असतो," आणि पुन्हा कामाला लागल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. विभागाला निरोपाचा ग्रंथ काढायचा होता, त्यांनी नको म्हणून सांगितलं. सध्या कालवं फोडणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये जाऊन बसतात. कुठल्या बाईला खिडकीजवळची जागा मिळते आणि कुणाचे हात आधी निकामी होतात, याचं काहीतरी आहे. त्यावरचा पहिला निबंध या वसंतात एका त्रैमासिकाकडं गेला, आपल्याच भाषेत. मी निवृत्त असले तरी छापायला त्या माझ्याकडंच येतात. परीक्षकांचं उत्तर आलं: विषय स्थानिक आहे, लांबी फार आहे, वीस पानं कमी करावीत.

"काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून तीन नवी पानं काढली. "ही चौदाव्या पानानंतर घाल, ऑन्नी."